पंगत तुमच्या नावाची, सलाईन लोकांच्या हाताला

आषाढी आठ दिवसांवर आली. आमच्या बाजारपेठेत किराणा दुकानांसमोर भगरीची आणि साबुदाण्याची पोती लागलीत. चौकात फ्लेक्स लावायला बांबू उभे राहतायत. ‘भव्य फराळ वाटप’, त्याखाली तीन मोठे फोटो, त्याखाली सोळा छोटे फोटो, आणि कोपऱ्यात जागा उरली तर विठ्ठल. फराळात काय देणार हे फ्लेक्सवर कधीच नसतं. कारण ते ठरवावं लागतं असं कुणाला वाटतच नाही. उपवास म्हणजे भगर-आमटी, नाहीतर साबुदाण्याची खिचडी. विषय संपला.

विषय संपत नाही, म्हणून हे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण पूर्ण वाचा आणि मग शिव्या घाला.

माझं म्हणणं सरळ आहे. सप्ताहात, गावपंगतीत, मंडळाच्या वाटपात भगर शिजवणं बंद करा. घरी खायची तर खुशाल खा, चार माणसांपुरती, पारखून, ताजी शिजवून. पण हजार माणसांच्या कढईत ती टाकू नका. देवाला त्याने काही कमी पडणार नाही. आणि तुम्ही ज्यांना हात जोडून जेवायला बोलावलंय, ती माणसं रात्री स्वतःच्या पायांनी घरी जातील.

दोन तारखा सांगतो.

६ फेब्रुवारी २०२४, एकादशी. नांदेड जिल्ह्यातलं लोहा तालुक्यातलं कोष्टवाडी. बाळूमामांच्या मेंढ्यांच्या मुक्कामानिमित्त कार्यक्रम होता, पंचक्रोशीतली गावं जमली होती. प्रसाद भगर-आमटीचा. रात्रीतून उलट्या-जुलाब सुरू झाले आणि आकडा दोन हजारांच्या घरात गेला. लोह्यातली व्यवस्था पुरेना, नांदेडपर्यंत रुग्ण हलवावे लागले.

२० फेब्रुवारी २०२४, त्याच्या पुढची एकादशी. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार तालुक्यातलं सोमठाणा. हरिनाम सप्ताह. पुन्हा भगर-आमटी. शेकडो लोक आजारी. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा संपल्या, म्हणून बाहेर मोकळ्यावर माणसं झोपवली आणि झाडांना दोऱ्या बांधून त्यावर सलाईनच्या बाटल्या लटकवल्या. ते फोटो तुम्ही पाहिले असतील. देशभर फिरले. लोकांनी सरकारला धू धू धुतलं, आरोग्य व्यवस्थेच्या नावाने बोटं मोडली. बरोबरच होतं ते. खाटा नाहीत हा सरकारचाच गुन्हा आहे. पण त्या दोऱ्यांच्या फोटोत कढई कुणालाच दिसली नाही.

दोन एकादश्यांमध्ये चौदा दिवस. चौदा दिवसांत सगळ्या पेपरांत, सगळ्या चॅनेलवर कोष्टवाडीची बातमी होती. तरी पुढच्या एकादशीला दुसऱ्या गावाने तोच पदार्थ चुलीवर चढवला. का? सोमठाण्याची माणसं मूर्ख होती का? अजिबात नाही. सप्ताह भरवणारी माणसं गावातली सगळ्यात कष्टाळू माणसं असतात. आठ दिवस झोपत नाहीत बिचारी. पण एकादशीला दुसरं काही वाढता येतं, हा विचारच आपल्या डोक्यात शिरत नाही.

आता भगरीबद्दल. कुणी म्हणेल, हा पत्रकार देशी धान्याच्या मागे लागलाय, २०२३ साली जगाने भरडधान्य वर्ष साजरं केलं आणि हा भगरीला विष म्हणतोय. तर तसं नाही. भगर म्हणजे वरई. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, जव्हार या डोंगरपट्ट्यातल्या आदिवासी शेतकऱ्याचं पीक. हलक्या जमिनीत, उतारावर येतं. उत्तम धान्य आहे. टरफलासकट ठेवलं तर बरंच टिकतं. घोटाळा सुरू होतो टरफल निघाल्यावर. नाशिककडच्या गिरण्यांतून सडून, पांढरीशुभ्र होऊन भगर बाहेर पडली की ती उघडी पडते. मग ती पोत्यातून आमच्यासारख्या तालुक्याला येते. इथे दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंतीला टेकून, पावसाळाभर पडून राहते. मागच्या शिवरात्रीचं उरलेलं पोतं पुढच्या आषाढीला निघतं. सुट्या मालावर ना तारीख, ना बॅच, ना कंपनी. कुणाची, कधीची, कुठून आली, दुकानदारालाही सांगता येत नाही.

दमट हवेत त्यावर बुरशी धरते. ही माझी अक्कल नाही, अन्न व औषध प्रशासन दर वर्षी प्रसिद्धीपत्रक काढून हे सांगतं. अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीचा प्रादुर्भाव होतो, त्यातून फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषद्रव्यं तयार होतात, असं त्या पत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. सुटी भगर घेऊ नका, पाकिटावरची तारीख बघा, बाजारातून भगरीचं पीठ आणू नका, स्वच्छ निवडून धुऊन घ्या, शिजवलेली जास्त वेळ ठेवू नका. आम्ही पेपरवाले आतल्या पानावर एक कॉलम चार सेंटिमीटरमध्ये ते छापतो. ज्या आचाऱ्याने ते वाचायला पाहिजे तो त्या वेळी कांदे चिरत असतो.

‘उकळलं की सगळं मरतं’ हा आपला लाडका समज. बुरशी मरेल. बुरशीने सोडलेलं विष शिजवल्याने जात नाही. म्हणून तर एकाच कढईतलं रटरटा शिजलेलं खाऊन माणसं आडवी होतात. मळमळ, उलटी, चक्कर, हातपाय थरथरणं. आणि निवडणार काय तुम्ही? गव्हातला खडा दिसतो, तांदळातली अळी दिसते, शेंगदाण्यातला काळा दाणा दिसतो. भगरीचा दाणा मोहरीएवढा. पन्नास किलो भगर कोण निवडणार, आणि निवडली तरी काय दिसणार?

पिठाची तर गंमतच वेगळी. दाण्यापेक्षा पीठ ओल लवकर धरतं. नवरात्रात भगरीच्या भाकरी खाऊन घरंच्या घरं आजारी पडल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच.

हे झालं धान्याचं. दुसरं, वेळेचं. सप्ताहातली एकादशीची पंगत बघा कशी असते. कीर्तन रात्री नऊ ते अकरा. पंगत त्यानंतर. आचारी म्हणतो, एवढ्या लोकांचं रात्री कसं होईल, संध्याकाळीच उरकून घेऊ. पाच-सहाला भगर उतरते. कढईवर परात, परातीवर कापड. कीर्तनकार महाराज यायला उशीर होतो, मग सत्कार होतात, मग देणगीदारांची नावं वाचली जातात. कोमट, ओलसर, पिठूळ अन्न पाच-सहा तास तसंच बसून असतं. शिजवलेलं अन्न एकतर साठ अंशाच्या वर गरम ठेवायचं, नाहीतर लवकर संपवायचं, हा साधा नियम आहे. काही जंतूंची बीजं तर उकळीतूनही जिवंत राहतात आणि कोमट भात, कोमट भगर मिळाली की झपाट्याने वाढतात. खाणारे कोण? सकाळपासून उपाशी असलेली म्हातारी माणसं. दिवसभर सोयाबीनमध्ये खुरपून आलेल्या बाया. आणि कीर्तनात अर्धवट झोपलेली लेकरं, ज्यांना उठवून पानावर बसवलेलं असतं. रिकाम्या पोटी, मध्यरात्री, हे जाणार.

एका गावच्या सप्ताहाच्या बैठकीला मागे बसलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण असं प्रत्येक गावात होतं. बातमीसाठी गेलो होतो, पण तोंड उघडल्याशिवाय राहवलं नाही. अध्यक्षांना म्हटलं, “अप्पा, एकादशीला या वर्षी भगर नका ना ठेवू. केळी, रताळी, दाण्याचा लाडू द्या.”

अप्पा म्हणाले, “अरे बाबा, एकादशीच्या पंगतीचं नाव लागलंय. त्यांच्या वडलांपासून त्यांच्याकडे आहे. त्यांनी भगरीचे पैसे दिलेत. आता केळं हातात दिलं तर लोक म्हणतील, एवढी जमीन असून गावाला केळ्यावर काढलं.”

“आणि लोक आजारी पडले तर?”

“आपल्याकडं आजवर काही झालं नाही. पांडुरंगाची कृपा आहे.”

कोपऱ्यात बसलेला आचारी हळूच म्हणाला, “दादा, भगर फुगते ना. शंभर माणूस वाढलं तरी दोन घागरी पाणी ओतता येतं. केळं कसं फुगवू?”

सगळ्यात खरं तोच बोलला. भगर उपवासाला चालते म्हणून पंगतीत आलेली नाही. ती फुगते म्हणून आली. एक किलोत पंधरा-वीस माणसं सहज निघतात. मोजणी चुकली तरी इज्जत वाचते. यजमानाची भीती एकच असते, पान कमी पडू नये. पानातलं अन्न बाधू नये, ही भीती त्याला कुणी शिकवलीच नाही. आपल्याकडे पंगत ‘उठली’ की यजमान सुटला. नंतर पाहुण्याच्या पोटात काय होतं ते पाहुण्याचं नशीब.

त्या बैठकीत शेवटी काय ठरलं, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आता धर्माचा मुद्दा, कारण तो येणारच आहे. ‘आमच्या परंपरेत ढवळाढवळ करणारे तुम्ही कोण?’ कुणाची परंपरा, किती जुनी, ते जरा बघू. उपवासाच्या ताटातला बटाटा अमेरिका खंडातून आला. रताळं तिकडचं. शेंगदाणा तिकडचा. हिरवी मिरची तिकडची. पोर्तुगीज आणि इतर गोऱ्यांच्या जहाजांतून ही मंडळी भारतात उतरली. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही तिकडचाच, आणि आज आपण खातो तो साबुदाणा बनवण्याचा उद्योग तमिळनाडूत सेलमच्या आसपास १९४० च्या दशकात उभा राहिला. म्हणजे तुकोबांच्या काळात देहूत एकादशीला बटाटा घातलेली साबुदाण्याची खिचडी होत नव्हती, हे सांगायला इतिहासकार नको. तरी आपण ती पोटभर खातो आणि आपला उपवास मोडत नाही. पदार्थ आले, आपण ते ‘चालतात’ म्हणून ठरवलं, आपल्या आज्यांनी ठरवलं. मग एखादा पदार्थ आता ‘चालत नाही’ असं आपण का ठरवू शकत नाही?

आणि या ‘चालतं-चालत नाही’वर तरी गावात एकमत कुठे आहे? एका घरात उपवासाला कोथिंबीर चालते, शेजारच्या घरात चालत नाही. एका घरात भेंडी चालते, दुसरीकडे ऐकूनच हसतील. गंमत म्हणजे भगरीचंही तेच. कित्येक घरांत एकादशीला भगर खातच नाहीत, कारण ते शेवटी धान्यच, त्याचं नावच ‘वरीचे तांदूळ’. माझ्या आजोळी हाच नियम होता. आजीला भगर-आमटी दिली असती तर तिने पान सरकवून ठेवलं असतं. ती काही कमी वारकरी नव्हती. वारी केलेली बाई होती.

तेव्हा शास्त्र आडवं येत नाही. आडवा येतो तो फ्लेक्स.

काही जण म्हणतील, ‘तुम्हाला फक्त आमचेच सण दिसतात.’ हे वाक्य आलं की पूर्वी मी वाद घालायचो, आता घालत नाही. एवढंच विचारतो, कोष्टवाडीत आणि सोमठाण्यात कोण पडलं होतं? नास्तिक पडले होते का? शहरातले विद्रोही पडले होते का? टाळ वाजवणारा, माळ घातलेला माणूस पडला होता. त्याच्या बाजूने बोलणं म्हणजे धर्मावर टीका, आणि त्याला सुट्या पोत्यातली बुरशी खाऊ घालणं म्हणजे सेवा, हा हिशोब मला जमत नाही. लग्नाच्या जेवणातून, डोहाळजेवणातून, शाळेच्या खिचडीतून विषबाधा झाल्या तेव्हाही लिहिलंय आणि पुढेही लिहीन. आज आषाढी तोंडावर आहे म्हणून आषाढीवर लिहितोय.

सरकारकडे येतो. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा. त्याखालच्या २०११ च्या नियमांत धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यालाही छोट्या अन्न व्यावसायिकासारखी नोंदणी करायला सांगितलं आहे. गणेशोत्सवात मंडळांना महाप्रसादासाठी नोंदणी करा म्हणून आवाहन होतं ते त्याच आधाराने. आता मला सांगा, तुमच्या गावच्या सप्ताहाने अशी नोंदणी केल्याचं तुम्ही ऐकलंय? आमच्या भागात मी तरी पाहिलेलं नाही. आणि करायची म्हटली तर कुणाकडे? जिल्ह्याला अन्न सुरक्षा अधिकारी बोटावर मोजण्याइतके. त्यांनी हॉटेलं बघायची, खवा बघायचा, दूध बघायचं, गुटखा पकडायचा, आणि एकादशीला शे-दोनशे गावांच्या कढया बघायच्या? ते होणार नाही. म्हणून सरकारने एकच करावं. कढईपर्यंत पोचता येत नसेल तर पोत्यापर्यंत पोचावं. सण यायच्या पंधरा दिवस आधी तालुक्याच्या ठोक दुकानांतून भगरीचे नमुने घ्या. तारीख-बॅच नसलेला माल विकायलाच बंदी घाला. प्रसिद्धीपत्रक काढणं ही कारवाई नसते.

नमुन्यांचंही एक सांगतो. आमच्या तालुक्यात काही वर्षांपूर्वी अशी एक विषबाधा झाली. साठ-सत्तर माणसं. ‘नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले आहेत’ हे वाक्य तेव्हा सगळ्यांनीच छापलं. दीड महिन्याने मी संबंधित कार्यालयात अहवाल विचारायला गेलो. “अहवाल अप्राप्त.” तीन महिन्यांनी गेलो. साहेबांची बदली. सहा महिन्यांनी गेलो तर तिथला लिपिक मलाच विचारतो, “कोणतं गाव म्हणालात?” दुकानदार तोच, पोती तीच. आजही त्या रस्त्याने जाताना दिसतात. ‘सर्वांची प्रकृती स्थिर’ असं लिहून झालं की बातमी संपते, आणि प्रकृती स्थिर झालेला माणूस दोन दिवसांची मजुरी बुडवून, खाजगीत गेला असेल तर दोन-तीन हजारांची उधारी घेऊन घरी येतो. सप्ताह कमिटी त्याला भेटायला येते. नारळ देते.

मग वाढायचं काय? टीका करणाऱ्याने पर्याय द्यावा असं म्हणतात, तर घ्या.

दोन केळी. केळ्याचं पॅकिंग देवानेच करून दिलंय, त्यात आचाऱ्याचा हात नाही, पाणी नाही, कढई नाही. एक उकडलेलं रताळं, सालीसकट, ऐनवेळी सोलून खायचं. मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा दाण्या-गुळाचा लाडू. इथे एक सूचना: शेंगदाण्यालाही बुरशी लागते, पण तो दाणा डोळ्याला दिसतो. काळा, सुरकुतलेला, कडवट लागणारा दाणा बायका हसत-बोलत निवडून टाकतात. जमलं तर चार खजूर. ताक द्यायचं असेल तर त्याच दिवशीचं, थंड, उकळलेल्या पाण्याचं. दूध असेल तर उकळतं ठेवा आणि गरमच द्या.

खर्च काढू. आमच्याकडे सध्याच्या भावाने दोन केळी सात-आठ रुपये, रताळं पाच-सहा रुपये, शेंगदाणे-गूळ सात-आठ रुपये. माणशी वीस-बावीस रुपये धरा. भगर-आमटीला भगर, दाणे, तूप, गॅस, आचाऱ्याची मजुरी, पत्रावळी-द्रोण धरून माणशी पंधराच्या खाली येत नाही. हजार माणसांमागे फरक पाच-सात हजारांचा. फ्लेक्सचं बिल आठवा. मिरवणुकीच्या डीजेचं बिल आठवा. पाच-सात हजार कुणाला सांगताय? आणि केळी उरली तर दुसऱ्या दिवशी शाळेत वाटता येतात. भगर उरली की ओढ्यात.

‘केळं दिलं म्हणजे जेवण दिलं असं वाटत नाही’ हे खरं आहे. ते मलाही कळतं. रात्री बारा वाजता मांडी घालून, गरम आमटी ओरपत, शेजारच्याला “घ्या माउली” म्हणत जेवण्यात जी मजा आहे ती केळ्यात नाही. म्हणूनच म्हणतो, ती पंगत काल्याच्या दिवशी करा ना. तेव्हा उपवास नसतो. पोळी करा, वरण करा, वांग्याची झणझणीत भाजी करा, बुंदी करा, समोर शिजवा आणि समोर वाढा. ज्यांच्या वडलांपासून एकादशीची पंगत आहे त्यांना काल्याच्या पंगतीत मान द्या, माईकवर त्यांचं नाव दोनदा घ्या. एकादशीला एकादशी राहू द्या. उपवासाच्या दिवशी गावजेवण घालून पोट फुगेपर्यंत खायला लावायचं, हाच मुळात उलटा प्रकार आहे.

तरीही कुणाला भगरच करायची असेल, तर करणाऱ्याने पुढे यावं आणि माईकवर सांगावं: ही भगर या दुकानातून घेतली, या कंपनीची, या तारखेची पाकिटं, आज इतक्या वाजता शिजवली. देणगीदारांची नावं वाचता तसं हेही वाचा. दीड मिनिट लागतं. ज्याला हे वाचायची हिंमत नसेल त्याने कढई चढवू नये.

कमिटीतल्या तरुण पोरांना खास सांगतो. बैठकीत मोठी माणसं ऐकत नाहीत हे मला माहिती आहे, तुम्ही ‘काल आलेली पोरं’ असता. पण खरेदीला तुम्हीच जाता, टेम्पो तुमचाच असतो. दुकानदाराला बिल मागा, पक्कं बिल, बॅच नंबरसकट. सुट्या भगरीवर तो देऊ शकणार नाही. बिल नाही तर माल नाही म्हणून टेम्पो केळीवाल्याकडे वळवा. गावात दोन दिवस बोलतील.

आणि हे सगळं वाचूनही तुमच्या गावात भगर शिजलीच, कुणाला चक्कर, उलटी, थरथर सुरू झालीच, तर ‘बघू सकाळी’ करू नका. १०८ ला फोन लावा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं आधी हलवा. उरलेली भगर घाईघाईने ओढ्यात ओतू नका. कमिटी ओतायला लागलीच, तर तिचा हात धरा. एका स्वच्छ डब्यात शिजलेली थोडी, दुसऱ्या डब्यात कच्ची थोडी, सोबत पोत्यावरचं किंवा पाकिटावरचं लेबल आणि दुकानाचं बिल, एवढं बाजूला काढून डॉक्टरांच्या आणि अन्न व औषधवाल्यांच्या हातात द्या. त्यांचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५. दिल्याची पोच लेखी घ्या, तारखेसकट. पोच असली की तीन महिन्यांनी अहवाल मागायला जाता येतं, आणि तिथल्या लिपिकाला कोणतं गाव ते सांगावं लागत नाही.